कैफियतीचे 30 दिवस

दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला की प्रतिवादीला समन्स निघते. बेलिफ घरी येतो, दाव्याची नक्कल हातात ठेवतो, सही घेऊन जातो. त्या दिवसापासून प्रतिवादीने आपले म्हणणे लेखी द्यायचे असते. त्याला आपल्याकडे कैफियत म्हणतात. ती किती दिवसांत दिली पाहिजे, या आणि अशाच काही प्रश्नांवरून 2000 साली देशभरातले वकील रस्त्यावर उतरले. संसदेने मंजूर केलेला कायदा अडीच वर्षे नुसता कागदावर राहिला. पुढे तमिळनाडूतल्या सेलम या जिल्ह्याच्या गावातला वकील संघ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच्या नावाने झालेला निकाल आज तालुक्याच्या कोर्टातही रोज दाखवला जातो. नवा कायदा होताना वकिलांच्या संघटनांनी काय करायचे असते, त्या कुठे उपयोगी पडतात आणि कुठे कमी पडतात, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतके चांगले उदाहरण नाही.

आधी एक घोळ दूर करू. ‘बार कौन्सिल’ आणि ‘बार असोसिएशन’ या दोन वेगळ्या संस्था आहेत. बार कौन्सिल कायद्याने निर्माण केलेली. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार प्रत्येक राज्याची एक बार कौन्सिल असते. आपली महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एक आहे. त्यांच्यावर दिल्लीची बार कौन्सिल ऑफ इंडिया. वकिलीची सनद देणे, वकिलांच्या आचरणाचे नियम ठरवणे, गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकून सनद निलंबित किंवा रद्द करणे ही त्यांची कामे. बार असोसिएशन म्हणजे वकील संघ हा मात्र स्वेच्छेने स्थापन झालेला. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात जी बार रूम असते, जिथे काळे कोट खुर्च्यांच्या पाठीवर टांगलेले असतात आणि चहाबरोबर कालच्या निकालाची चर्चा चालते, ती या संघाची. उच्च न्यायालयाचे वेगळे संघ, सर्वोच्च न्यायालयाचे वेगळे.

1961 च्या त्या कायद्यात राज्याच्या बार कौन्सिलची कामे कलम 6 मध्ये दिली आहेत. त्यात (ड) क्रमांकाचे काम आहे वकिलांचे हक्क, अधिकार आणि हितसंबंध जपण्याचे. पुढे (इ) क्रमांकाचे काम आहे कायद्यातील सुधारणांना चालना आणि पाठबळ देण्याचे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या कलम 7 मध्येही हीच जोडी याच क्रमाने आहे. संसदेने ही दोन्ही कामे एकाच संस्थेच्या खांद्यावर का ठेवली, हे सहज समजते. कायदा दिल्लीत किंवा मुंबईत लिहिला जातो. तो चालतो की अडतो, हे कोर्टात रोज उभा राहणारा माणूसच सांगू शकतो. पण अडचण अशी, की हीच माणसे त्या कायद्यावर पोटही भरतात. वकिलांचे हित आणि पक्षकारांचे हित बहुतेक वेळा एका दिशेने जाते. जेव्हा जात नाही, तेव्हा संघटनेची खरी परीक्षा होते.

आता 1999 कडे येऊ. दिवाणी दाव्यांचा कारभार 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार चालतो. आजोबांनी दावा लावायचा आणि नातवाने हुकूमनामा घ्यायचा, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. त्याचे एक मोठे कारण मुदत. जुना रोजनामा उघडून पाहिला तर पानेच्या पाने एकच मजकूर भेटतो: प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज, मंजूर, पुढील तारीख. पुन्हा प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर, पुढील तारीख. कैफियतच दाखल नाही म्हणून मुद्दे निघत नाहीत, मुद्दे नाहीत म्हणून पुरावा नाही. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला घाई नसते. ज्याची जमीन गेली आहे तो एसटीने येतो, बाकावर दिवसभर बसतो आणि नवी तारीख घेऊन परत जातो.

हे थांबवायला सरकारने 1997 मध्ये दुरुस्ती विधेयक मांडले. डिसेंबर 1999 मध्ये ते मंजूर झाले आणि 30 डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या वेळचे कायदामंत्री होते राम जेठमलानी, स्वतः नामवंत वकील आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे माजी अध्यक्ष. कायद्याचा हेतू चांगला होता, हे आजही निःसंकोच म्हणता येईल. पण त्यातले उपाय पाहा. कैफियत 30 दिवसांत द्यायची, पुढे मुदत नाही. दाव्यात किंवा कैफियतीत नंतर दुरुस्ती करण्याची तरतूद समूळ काढून टाकली. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी नाही. साक्षीदाराचा सरतपास तोंडी न घेता शपथपत्रावर द्यायचा आणि उलटतपास न्यायाधीशांसमोर न होता न्यायालयाने नेमलेल्या कमिशनरसमोर व्हायचा. दाव्याचे मूल्य 25,000 रुपयांपर्यंत असेल तर उच्च न्यायालयात दुसरे अपील नाही.

कागदावर हे सगळे कडक आणि न्याय्य दिसते. म्हणून त्यातले एकच कलम जरा जवळून पाहू.

समजा, वाई तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला चुलतभावाने लावलेल्या वाटपाच्या दाव्याचे समन्स मिळाले. पहिले दोन-चार दिवस घरात चर्चा. मग कुणाच्या तरी ओळखीने तो वकिलाकडे जातो. वकील विचारतो, सातबारा कुठे आहे? जुने फेरफार? आजोबांच्या वेळच्या वाटणीची काही नोंद? तलाठ्याकडून चालू उतारा मिळतो; पण 1950-60 च्या फेरफारांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढाव्या लागतात. खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूचीचा शोध घ्यावा लागतो. धाकटा भाऊ मुंबईत, बहिणींची सासरे तीन वेगवेगळ्या तालुक्यांत, आणि प्रतिवादी तेही आहेत. त्यांची वकीलपत्रे, त्यांच्या सह्या. मध्ये पेरणी आली तर आठ दिवस गेलेच. हे सगळे करताना 30 दिवस कधी संपले ते कळत नाही, आणि 31 व्या दिवशी त्याचे म्हणणे ऐकायलाच न्यायालय तयार नाही. त्याच्याविरुद्ध दावा एकतर्फी पुढे जाऊ शकतो. जी चालढकल थांबवायला हे कलम आणले ती करणारा माणूस वेगळाच होता; ज्याला कागद जमवायला वेळ लागतो असा भोळा माणूस या कलमात सापडणार होता. दुरुस्तीची वाटही बंद केल्यामुळे, घाईत लिहिलेल्या कैफियतीत एखादा गट नंबर चुकला तर तो कायमचा चुकला.

वकील संघांनी नेमके हेच दाखवायला हवे होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते दाखवलेही. पण देशव्यापी आवाज उठला तो कायदा मंजूर झाल्यानंतर. 1997 ते 1999 हा विधेयक वाचण्याचा, त्यावर लिहिण्याचा काळ होता. 2000 च्या सुरुवातीला मोर्चे निघाले, कामकाजावर बहिष्कार पडला, दिल्लीत वकील आणि पोलीस समोरासमोर आले. सरकारने अधिसूचना काढली नाही. कायदा मंजूर, पण लागू नाही, अशा विचित्र अवस्थेत अडीच वर्षे गेली. या काळात रोजनाम्यातला ‘मुदतीचा अर्ज, मंजूर’ हा मजकूर पूर्वीसारखाच चालू राहिला. बहिष्काराने कायदा थांबला, पण दाव्यांचा उशीर एका दिवसानेही कमी झाला नाही.

खरी सुधारणा झाली ती पुढच्या टप्प्यात, वकिलांच्या संघटनांशी बोलणी होऊन 2002 मध्ये दुसरा दुरुस्ती कायदा आला तेव्हा. 1 जुलै 2002 रोजी दोन्ही कायदे एकत्र लागू झाले. फरक पाहण्यासारखा आहे. कैफियतीची मुदत 30 दिवसच राहिली; पण कारणे नोंदवून न्यायालय ती 90 दिवसांपर्यंत वाढवू शकेल, अशी सोय झाली. दुरुस्तीची तरतूद परत आली; मात्र पुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल तर पुरेशी काळजी घेऊनही ती आधी मागता आली नसती, हे पटवून द्यावे लागेल अशी अट घातली. उलटतपास न्यायालय स्वतः घेऊ शकेल किंवा कमिशनरकडे देऊ शकेल, अशी निवड न्यायाधीशांच्या हाती आली. यातली प्रत्येक गोष्ट 1999 च्या कायद्याचा हेतू शाबूत ठेवते आणि त्याची धार चुकीच्या माणसावर पडणार नाही हे पाहते. हुशारी आहे ती इथे.

25,000 रुपयांच्या मर्यादेचे तर सांगायलाच हवे, कारण ते वरवर पाहता अगदी निरुपद्रवी वाटते. पंचवीस हजारांच्या भांडणासाठी कोण उच्च न्यायालयात जाईल, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. पण महाराष्ट्रात शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्याचे मूल्यांकन बाजारभावाने होत नाही. कोर्ट फी कायद्याप्रमाणे ते शेतसाऱ्याच्या ठराविक पटीत होते. सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जो चार-पाच रुपयांचा आकडा असतो, त्याच्या पटीत. म्हणजे आज लाखोंची किंमत असलेल्या एकरभर जमिनीचा दावा कागदावर काही शे रुपयांचा असतो. 1999 चे कलम तसेच लागू झाले असते तर गावातल्या जमिनीच्या असंख्य दाव्यांना उच्च न्यायालयाचे दार बंद झाले असते, आणि बाजारभावाने मूल्यांकन होणारा शहरातला फ्लॅट मात्र मर्यादेच्या वर राहिला असता. 2002 मध्ये हे कलम (संहितेचे कलम 102) बदलून 25,000 ची मर्यादा फक्त पैशाच्या वसुलीच्या दाव्यांपुरती ठेवली गेली. मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात शेतकऱ्याविरुद्ध काही असण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर सातबारा नव्हता, एवढेच. तालुक्यात वकिली करणाऱ्या कुणालाही हे वाक्य वाचताच खटकले असते.

तरी वाद संपला नव्हता. सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनने दोन्ही कायद्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 25 ऑक्टोबर 2002 रोजी सरन्यायाधीश बी. एन. किरपाल यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने दुरुस्त्या वैध ठरवल्या. पण खंडपीठ तेवढ्यावर थांबले नाही. या तरतुदी प्रत्यक्ष चालवताना काय अडचणी येतील, हे वकील मांडत होते. त्यांचा विचार करायला आणि नियमांचे मसुदे करायला समिती नेमावी, असे न्यायालयाने ठरवले. विधी आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. एम. जगन्नाथ राव यांच्या नेतृत्वाखालच्या या समितीत वकिलांनाही स्थान होते. तिने तीन भागांत अहवाल दिला. एकात दुरुस्त्यांबद्दलच्या अडचणी, दुसऱ्यात तडजोड आणि मध्यस्थीचे नमुना नियम, तिसऱ्यात खटल्यांच्या व्यवस्थापनाचे.

या अहवालाच्या आधारे 2 ऑगस्ट 2005 रोजी दुसरा निकाल आला. त्यात न्यायालयाने सांगितले की 90 दिवसांची मर्यादा मार्गदर्शक आहे, पोलादी नाही. पण त्यापुढे मुदत द्यायची ती अत्यंत अपवादात्मक, खरोखर कठीण प्रसंगातच, नेहमीची सवय म्हणून नाही. तीन तहकुब्यांच्या नियमाबाबतही तेच. पक्षकाराच्या हातात नसलेले कारण असेल, अपघात किंवा अचानक आजारपण आले, तर न्यायालयाचे हात बांधलेले नाहीत. पण वेळकाढूपणा करणाऱ्याला खर्चाचा भुर्दंड बसला पाहिजे, आणि तो नावापुरता नको. सेलमच्या वकिलांना हवे होते ते सगळे मिळाले नाही. कायदा रद्द झाला नाही. तरीही मला हा वकील संघांच्या इतिहासातला मोठा विजय वाटतो. या निकालामुळे त्या वाईच्या शेतकऱ्याला आपले म्हणणे मांडायची संधी राहिली आणि वेळ काढणाऱ्याला उत्तर द्यावे लागले. आजही कैफियत उशिरा दाखल करण्याची परवानगी मागताना वकील जो निकाल पुढे करतात, तो सेलमचा.

एवढ्या मंथनातूनही एक चूक निसटली, आणि ती निसटली म्हणूनच शिकण्यासारखी आहे. 1999 च्या कायद्याने संहितेत कलम 89 आणले. तडजोडीची शक्यता दिसली तर न्यायालयाने पक्षांना लवाद, समेट, लोकअदालतीसह न्यायिक तडजोड किंवा मध्यस्थी यांपैकी एका वाटेने पाठवावे, असे ते सांगते. पुढच्या पोटकलमात प्रत्येक वाटेची रीत दिली आहे. तिथे न्यायिक तडजोडीसाठी प्रकरण योग्य संस्थेकडे किंवा व्यक्तीकडे सोपवावे असे लिहिले आहे, आणि मध्यस्थीसाठी न्यायालयाने स्वतः पक्षांमध्ये तडजोड घडवावी असे. वाचकाच्या लक्षात आले असेल: दोन व्याख्यांची अदलाबदल झाली आहे. मध्यस्थ हा न्यायालयाबाहेरचा असतो आणि न्यायिक तडजोड न्यायाधीश घडवतात. कायद्यात नेमके उलटे छापले गेले. 2010 मध्ये अ‍ॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मसुद्यातली चूक असल्याचे स्पष्ट म्हटले आणि दोन्ही व्याख्या अदलून वाचाव्यात, असे सांगितले. कायदा लागू झाल्यापासून 8 वर्षे ते वाक्य उलटे उभे होते. सरकारी मसुदाकार, संसद, इतक्या वकील संघटना, सगळ्यांच्या नजरेखालून ते गेले. मोठ्या घोषणांच्या गदारोळात दोन ओळी शांतपणे वाचणारा माणूस किती गरजेचा असतो, याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण फौजदारी कायद्याचे, आणि ते वकिलांच्या बाजूने तितके सरळ नाही. 2008 मध्ये संसदेने फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 41 बदलले. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये, अटक का आवश्यक आहे याची कारणे नोंदवावीत आणि अटकेची गरज नसेल तर नोटीस देऊन हजर राहायला सांगावे, असा तो बदल. नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने याहून चांगली दुरुस्ती शोधून सापडणार नाही. तिला विरोध केला तो वकील संघटनांनी. गुन्हेगार मोकाट सुटतील, असे त्यांचे म्हणणे. जामिनाची कामे कमी होतील म्हणून हा विरोध आहे, अशी टीका तेव्हा उघडपणे झाली. या टीकेला संघटनांकडे समाधानकारक उत्तर होते असे मला वाटत नाही. विरोधामुळे बाकीचा दुरुस्ती कायदा लागू झाला तरी ही कलमे रोखून धरली गेली. चर्चा झाल्या, 2010 मध्ये आणखी एक दुरुस्ती आली आणि 1 नोव्हेंबर 2010 पासून ही कलमे अमलात आली.

त्या चर्चेतून मात्र दोन चांगले बदल निघाले. मूळ कलमात अटक नको असेल तेव्हा पोलीस नोटीस ‘देऊ शकतील’ असे होते. ते ‘देतील’ असे झाले. म्हणजे मर्जी गेली आणि कर्तव्य आले. शिवाय अटक करताना जशी कारणे लिहायची, तशी अटक न करतानाही लिहायची. विरोधाचा हेतू काहीही असो, जेव्हा बोलणे कलमाच्या शब्दांवर आले तेव्हा नागरिकाचा फायदा झाला.

इथे बहिष्काराबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. 17 डिसेंबर 2002 रोजी माजी कॅप्टन हरीश उप्पल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वकिलांना संप करण्याचा किंवा बहिष्काराची हाक देण्याचा हक्क नाही, असा निर्णय दिला. निवेदने द्या, वृत्तपत्रांत लिहा, दंडाला काळ्या फिती लावा, न्यायालयाच्या आवाराबाहेर शांततेने मोर्चा काढा. वकीलवर्गाची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्यच पणाला लागले असेल अशा अगदी दुर्मीळ प्रसंगी एका दिवसापुरते काम थांबवले तर न्यायालय त्याकडे दुर्लक्ष करू शकेल, एवढीच सूट. त्यानंतरही काम बंद ठेवण्याची हाक वरचेवर दिली जाते. जामिनासाठी आत बसलेल्या कैद्याला त्या दिवसाचा जाब कुणाला विचारायचा, हे कळत नाही. विधेयकाविरुद्ध वकिलांचा राग कितीही रास्त असला तरी त्याची किंमत पक्षकाराने मोजायची, ही रीत मला मान्य नाही.

पण सरकारची बाजूही तपासली पाहिजे, कारण निवेदन द्यायला वेळच मिळाला नाही तर संघटना करणार काय? केंद्र सरकारनेच फेब्रुवारी 2014 मध्ये पूर्व-विधिविधान सल्लामसलतीचे धोरण ठरवले. प्रत्येक मसुदा, तो का आणला याच्या टिपणासह आणि सोप्या भाषेतल्या स्पष्टीकरणासह, किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. ते धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे न पाळल्यास कुणाला न्यायालयात खेचता येत नाही.

2025 चा प्रसंग ताजा आहे. 13 फेब्रुवारीला केंद्रीय विधी मंत्रालयाने अ‍ॅडव्होकेट्स कायद्याच्याच दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला आणि 28 फेब्रुवारीपर्यंत सूचना मागवल्या. म्हणजे 15 दिवस. कैफियतीला 30 दिवस पुरत नाहीत म्हणून ज्यांनी आंदोलन केले, त्यांना आपल्याच व्यवसायाचा कायदा वाचायला त्याच्या निम्मे. मसुद्यात बार कौन्सिल ऑफ इंडियावर केंद्राने तीनपर्यंत सदस्य नेमण्याची, केंद्राने कौन्सिलला निर्देश देण्याची, बहिष्कार आणि कामबंदीला मनाई करण्याची आणि परदेशी कायदा कंपन्यांत व उद्योगसमूहांत काम करणाऱ्यांनाही विधी व्यावसायिक मानण्याची तरतूद होती. दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांत लगेच काम बंद पडले. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष मनन कुमार मिश्रा यांनी कायदामंत्र्यांना पत्र लिहून कौन्सिलच्या स्वायत्ततेला धक्का देणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवले. 22 फेब्रुवारीला मंत्रालयाने सल्लामसलत थांबवली आणि सुधारित मसुदा नव्याने मांडू, असे जाहीर केले.

यात कलम 6 मधली (ड) आणि (इ), म्हणजे वकिलांचे हित जपण्याचे आणि कायदा सुधारण्याचे, ही दोन्ही कामे एकमेकांत मिसळलेली दिसतात. जी संस्था सरकारविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाची सनद राखते, तिच्यावर सरकारचे नियुक्त सदस्य आणि सरकारचे निर्देश असता कामा नयेत. हा केवळ वकिलांचा प्रश्न नाही; सरकारविरुद्ध दाद मागणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा आहे, आणि त्यावर वकिलांनी घेतलेली भूमिका योग्यच होती. पण त्याच मसुद्यात वकिलाच्या चुकीमुळे नुकसान झालेल्या पक्षकाराचाही विचार होता. त्या भागावर, हे असे नको तर कसे हवे, अशी चर्चा बहिष्काराच्या गलक्यात फारशी ऐकू आली नाही. मसुदा मागे गेला तेव्हा चांगले-वाईट सगळेच त्याच्याबरोबर मागे गेले.

उशिरा जागे होण्याची खोड अजून गेलेली नाही. भारतीय न्याय संहितेसह तीन नवे फौजदारी कायदे डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झाले. देशभरच्या वकील संघांनी आंदोलन न करता आक्षेपार्ह वाटणारी नेमकी कलमे लिहून कळवावीत, असे आवाहन बार कौन्सिल ऑफ इंडियाने केले ते जून 2024 मध्ये, कायदे लागू व्हायला काही दिवस उरलेले असताना. आवाहन शंभर टक्के बरोबर होते. ते विधेयके संसदीय स्थायी समितीपुढे होती तेव्हा व्हायला हवे होते.

स्थायी समिती ही जागा वाचकाने नीट ओळखून ठेवावी. संसदेत 1993 पासून मंत्रालयनिहाय स्थायी समित्या आहेत. विधी आणि न्याय खात्याची एक आहे. विधेयक तिच्याकडे गेले की ती जाहिरात देऊन लेखी निवेदने मागवते आणि काहींना साक्षीसाठी बोलावते. इथे घोषणा चालत नाहीत. चांगले निवेदन कसे असते? कलमाचा क्रमांक, आज लागू असलेला मजकूर, प्रस्तावित मजकूर. त्यापुढे अडचण, आणि ती एखाद्या खऱ्या प्रकारच्या दाव्यातून दाखवलेली. शेवटी पर्यायी शब्द, तयार, जसेच्या तसे उचलता येतील असे. ‘कलम 102 अन्यायकारक आहे, रद्द करा’ असे लिहिलेले पत्र फाइलला लागते. ‘शेतजमिनीचे मूल्यांकन आकाराच्या पटीत होत असल्याने ही मर्यादा जमिनीच्या दाव्यांना लावल्यास असे असे होईल, सबब “पैशाच्या वसुलीचा दावा” हे शब्द घालावेत’ असे लिहिले तर समितीतल्या सदस्याला बोलायला मुद्दा मिळतो आणि मसुदाकाराला दुरुस्ती मिळते.

हे काम पगारी नसते. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी पक्षकार, आणि त्यानंतर कुणीतरी बार रूमच्या टेबलावर विधेयक उघडून बसायचे. मोठ्या शहरांतल्या संघांकडे त्यासाठी ग्रंथालय आणि ज्येष्ठ वकिलांचा आधार असतो. तालुक्याच्या संघाकडे जुने कायद्याचे अंक, एक संगणक आणि आठ-दहा उत्साही तरुण वकील असतात. पण आकाराचा आकडा, तलाठ्याच्या दप्तराची अवस्था, बेलिफाच्या फेऱ्या यांची माहिती त्यांच्याकडेच असते, दिल्लीतल्या ज्येष्ठांकडे नसते. सेलमही काही राजधानी नव्हे.

म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा आणि तालुका वकील संघाला विनंती आहे: विधेयके वाचण्यासाठी पाच जणांची कायमची समिती नेमा. त्यात एखादा निवृत्त दिवाणी न्यायाधीश असावा, एखादी फौजदारी काम करणारी तरुण वकील असावी. केंद्राचे मसुदे इंग्रजीत आणि हिंदीत येतात; त्यांतली आपल्या लोकांना लागणारी कलमे मराठीत समजावून सांगणारे दोन पानी टिपण काढा, ते स्थानिक वृत्तपत्राला द्या, आमदार-खासदारांना द्या आणि तेच निवेदन मुदतीत स्थायी समितीकडे पाठवा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या विधेयकाची बातमी वाचाल तेव्हा आपल्या ओळखीच्या वकिलाला एवढेच विचारा, की तुमच्या संघाने त्यावर काय लिहून पाठवले आहे. उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर विचारत राहा.